भाड्याच्या घरासाठी व्यवस्थापक नेमताना: पैसा आणि सही आपल्याकडे, धावपळ त्याच्याकडे

फ्लॅट पुण्यात आणि मालक बंगळूरूत, दुबईत नाहीतर न्यू जर्सीत, अशी घरं आता प्रत्येक मोठ्या सोसायटीत सापडतात. पूर्वी अशा घराची किल्ली धाकट्या भावाकडे किंवा मेहुण्याकडे असायची. आता तेही परगावी असतात, नाहीतर त्यांना त्यांचेच व्याप पुरेसे असतात. मग पैसे देऊन प्रॉपर्टी मॅनेजर नेमायची वेळ येते. मी काही वर्षं आमच्या सोसायटीच्या कमिटीत सेक्रेटरी होतो. त्यामुळे असे व्यवस्थापक मला मालकाच्या बाजूने कमी आणि पलीकडच्या बाजूने जास्त दिसले. कोण फोन उचलतो, खालच्या मजल्यावर गळती झाली की कोण तासाभरात येतो, भाडेकरूचं डिपॉझिट कोण अडकवून ठेवतो, हे सोसायटीच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला लख्ख दिसतं.

त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. व्यवस्थापक नेमायचा तो हात-पाय म्हणून. भाडं आणि डिपॉझिट थेट मालकाच्या खात्यात यावं, भाडेकरार मालकाच्या नावाने व्हावा, भाडेकरू कोण याचा शेवटचा शब्द मालकाचा असावा. बाकीची सगळी पायपीट त्याची. ही विभागणी जिथे झाली नाही, तिथे चांगल्या माणसाशीही शेवटी वितुष्ट आलेलं मी पाहिलं आहे. पुढे जे लिहितो आहे ते पुणे डोळ्यासमोर ठेवून, पण महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी लागू पडेल.

आधी काम ठरवा, मग माणूस शोधा

बऱ्याच मालकांना वाटतं, व्यवस्थापक म्हणजे भाडेकरू आणून देणारा. ते काम ब्रोकरचं आहे आणि ते दोन वर्षांतून एकदा येतं. व्यवस्थापकाचं खरं काम मधल्या काळातलं: गीझर बंद पडला, वरच्यांच्या बाथरूममधून आपल्या छताला ओल आली, भाडं दहा तारीख उलटली तरी आलं नाही, सोसायटीने पार्किंगची जागा बदलली, महावितरणचं बिल थकलं म्हणून माणूस मीटर काढायला आला. आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे घर रिकामं असतानाचे दोन-तीन महिने.

म्हणून एका कागदावर चार भाग करा: भाडेकरू आणताना, भाडेकरू राहत असताना, भाडेकरू सोडून जाताना आणि घर रिकामं असताना. प्रत्येक भागात आपण स्वतः फोनवरून काय करू शकतो आणि कशासाठी प्रत्यक्ष माणूस दारात उभा राहायला हवा, ते लिहा. मेन्टेनन्स, वीजबिल, मिळकतकर हे सगळं आता मोबाइलवरून भरता येतं. त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. ही यादी केली की कित्येकांच्या लक्षात येतं, आपल्याला महिन्याच्या पगारी व्यवस्थापकाची गरजच नाही. तीन महिन्यांनी एक फेरी आणि अडीअडचणीला धावून येणारा माणूस एवढं पुरे.

माणूस कुठे सापडतो

बाजारात साधारण चार प्रकार दिसतात. पहिला, ब्रोकर, जो 'घराकडे बघू की आपण' म्हणतो. तो बघत नाही. त्याचं उत्पन्न नव्या भाडेकरूच्या ब्रोकरेजमधून येतं, त्यामुळे भाडेकरू टिकण्यात त्याचा फायदा नसतो. दुसरा, एकट्याने काम करणारा स्थानिक माणूस. हा बहुधा एखाद्या सोसायटीचा जुना मॅनेजर किंवा इस्टेट विभागातून निवृत्त झालेला असतो. तिसरी, कंपनी, अ‍ॅपसकट. आणि चौथी, ठरावीक भाड्याची हमी देणारी कंपनी. ती तुमचं घर स्वतः घेते आणि पुढे दुसऱ्याला देते. इथे घरात राहणाऱ्याचा करार तुमच्याशी नसतो आणि कंपनीने हात वर केले तर अनोळखी माणसं तुमच्या घरात आणि भाडं कुणाकडेच नाही अशी अवस्था होते. हमीच्या आकर्षणाने या वाटेला जाऊ नये असं मी स्पष्ट सांगेन.

माझी पसंती दुसऱ्या प्रकाराला, एका अटीवर: तो आजारी पडला किंवा गावी गेला तर त्याच्या जागी येणारा दुसरा माणूस ठरलेला हवा. शिवाय त्याची घरं एकाच भागात असावीत. कोथरूडमध्ये राहणारा माणूस वाघोलीतलं घर सांभाळतो म्हणाला, तर नळ फुटल्यावर तो येईपर्यंत पाणी खालच्यांच्या पीओपीपर्यंत पोचलेलं असेल.

या व्यवसायाला आपल्याकडे कुठलाही खास परवाना लागत नाही, हे लक्षात ठेवा. कुणी महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक दाखवला तर तो नोंदणीकृत प्रकल्पांतल्या घरांच्या विक्रीत मध्यस्थी करण्यासाठी असतो. भाड्याच्या घराची देखभाल महारेराच्या कक्षेत येत नाही. तो क्रमांक खोटा नसेल, पण तुमच्या कामी येणारही नाही.

मग विश्वास कशावर ठेवायचा? त्याने दिलेल्या मालकांच्या नंबरांवर फोन कराच, पण ते नंबर तो चांगलेच देणार. त्यापेक्षा तो ज्या सोसायट्यांत घरं सांभाळतो त्यांची नावं घ्या आणि त्या सोसायटीच्या ऑफिसला फोन लावा. 'अमुक फ्लॅटचं काम बघणारे गृहस्थ कसे आहेत?' एवढं विचारा. पलीकडचा माणूस क्षणभर थांबला, तर उत्तर मिळालं. शक्य असेल तर ज्या मालकाने त्याचं काम बंद केलं, त्याच्याशीही बोला. आणि त्याने सांभाळलेल्या घरात राहून गेलेल्या एखाद्या भाडेकरूशी. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळालं, हा एकच प्रश्न पुष्कळ आहे.

नेमण्याआधी एक छोटं काम देऊन बघा

हा टप्पा कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त हाच कळवतो. पैसे ठरवून त्याला एकदाच घर बघायला पाठवा आणि लेखी अहवाल मागा. काय बघायचं ते सांगू नका.

साधा माणूस दहा फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, 'सर्व ठीक आहे.' कामाचा माणूस असं काही लिहितो: 'मास्टर बेडरूमच्या बाथरूममध्ये वास येतोय. घर बंद असल्याने नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटलंय, झुरळं तिथूनच येतायत. दोन्ही बाथरूम आणि सुक्या बाल्कनीत एकेक बादली पाणी ओतलं. किचन सिंकखालचा पाइप घट्ट केला. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात पोपडे आलेत, बाहेरून भेग दिसतेय, सोसायटीला पत्र द्यावं लागेल. मीटर रीडिंगचा फोटो जोडलाय.' हा माणूस घराकडे बघतो. त्याने चार पैसे जास्त मागितले तरी द्यावेत.

फी: टक्के कशावर, ते विचारा

भाड्याचे ठरावीक टक्के, दरमहा ठरावीक रक्कम किंवा वर्षाला एक महिन्याचं भाडं, असे प्रकार चालतात. वर्षाला एक महिन्याचं भाडं म्हणजे ८.३३ टक्के. भाडं २५,००० असेल तर वर्षाला २५,०००. व्यवस्थापक जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे आणखी ४,५००. हे आधीच विचारून घ्या.

टक्के ठरले तर ते प्रत्यक्ष जमा झालेल्या भाड्यावर हवेत, ठरलेल्या भाड्यावर नाही. घर रिकामं असताना काय द्यायचं, कराराचं नूतनीकरण झालं तर वेगळी फी आहे का, नवा भाडेकरू आणला तर ब्रोकरेज कुणाकडून किती घेणार, हे तीन प्रश्न नंतर भांडणाला कारण होतात. आणि चौथा, जो विचारायला लोक संकोचतात: प्लंबर, पेंटर, एसीवाल्याकडून तुमचं कमिशन असतं का? सरळ विचारा. असेल तर ते असू दे, पण सांगितलेलं असावं. मूळ बिल आणि जुन्या सुट्या भागाचा फोटो यायलाच हवा.

प्राप्तिकराच्या हिशेबात एक गैरसमज असतो. घरभाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेला भरलेला कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्ती, रंगकाम, व्यवस्थापकाची फी हे सगळं त्यातच आलं. फीची पावती दाखवून वेगळी वजावट मिळत नाही.

त्याच्याशी करार लेखीच

दोन-तीन पानं पुरेत, ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर. कामाची यादी वर केलीच आहे, ती तशीच जोडा. माझ्या मते करारातलं सगळ्यात कामाचं कलम खर्चाच्या मर्यादेचं असतं. उदाहरणार्थ, ३,००० रुपयांपर्यंतचं काम न विचारता करायचं, त्यावर गेलं तर फोटो आणि दोन कोटेशन पाठवून होकार घ्यायचा. पाणी वाहतंय, शॉर्टसर्किट झालंय असल्या वेळी १०,००० पर्यंत आधी काम, मग फोन. अशी मोकळीक दिली नाही तर तुमच्या रात्री तिथे दुपार असते आणि तुमच्या होकाराची वाट बघत भाडेकरू दोन दिवस बिनपाण्याचा बसतो.

भाडं आणि डिपॉझिट व्यवस्थापकाच्या खात्यात जाणार नाही, हे वाक्य करारात स्वच्छ असू द्या. दुरुस्तीसाठी त्याच्याकडे पाच-दहा हजार आगाऊ ठेवा आणि दर महिन्याला हिशेब घ्या. किल्ल्यांचे किती जोड त्याच्याकडे आहेत तेही लिहा. भाडेकरूच्या आधार-पॅनच्या प्रती त्याने व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर फिरवायच्या नाहीत, हेही. दुसऱ्याची कागदपत्रं आपल्या घरापायी कुठेही पोचू नयेत, ही आपली जबाबदारी आहे. दोन्ही बाजूंना एक महिन्याच्या नोटिशीने करार संपवता यावा.

कुलमुखत्यारपत्र: गरजेपुरतंच

भारतातच असाल तर सहसा याची, म्हणजे आपल्या वतीने सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या पत्राची, गरज पडत नाही. भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होते आणि मालक-भाडेकरू वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी अंगठा देऊ शकतात. परदेशातल्या मालकाला मात्र बहुधा कुणाला तरी कुलमुखत्यार नेमावं लागतं.

हे पत्र शक्यतो व्यवस्थापकाच्या नावाने करूच नका. नात्यातल्या किंवा जुन्या ओळखीतल्या माणसाच्या नावाने करा. सहीसाठी दोन वर्षांतून एकदा एवढा त्रास कुणीही आनंदाने घेतो. व्यवस्थापकालाच द्यावं लागलं तर 'सर्वसाधारण' नको, 'विशेष' हवं: अमुक पत्त्याच्या घराचा लीव्ह अँड लायसन्स करार (आपण बोलताना भाडेकरार म्हणतो तोच) करणं व नोंदवणं, सोसायटी, महावितरण आणि पोलिसांकडे अर्ज करणं, एवढंच. विक्री, गहाण, बक्षीसपत्र, डिपॉझिट स्वीकारणं यांचा अधिकार नाही, असं नकारार्थीही लिहा. मुदत घाला.

अमेरिका किंवा ब्रिटनमधून पाठवायचं असेल तर नोटरी करून अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) घेतात, नाहीतर भारतीय वकिलातीत साक्षांकन होतं. दुबईतून वकिलातीचाच मार्ग. ते पत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कुरियर आलं आणि कपाटात पडून राहिलं, असं होऊ देऊ नका.

भाडेकरू आणि करार

व्यवस्थापकाने दोन-तीन भाडेकरू सुचवावेत, निवड तुम्ही करावी. दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोला. नोकरी, आधीचं घर का सोडलं, किती जण राहणार, हे विचारणं रास्त आहे. पण जात, धर्म, खाणंपिणं, 'एकटी बाई आहे' असली कारणं काढून तुमच्या नावाने माणसांना परतवायचा खाक्या काही व्यवस्थापकांचा असतो. तुमच्या दारात तुमच्या नावाने हे होऊ नये असं वाटत असेल, तर पहिल्याच दिवशी त्याला बजावा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. उलट नोंदणी असेल आणि मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाडं मागता येतं. 'नुसती नोटरी करू, स्वस्तात होतं' म्हणणारा व्यवस्थापक इथेच बाद करा.

आणि स्वस्त म्हणजे किती? मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. दरमहा २५,००० भाडं, ७५,००० डिपॉझिट आणि २४ महिने धरले तर ६,१५,००० च्या ०.२५ टक्के, म्हणजे साधारण १,५४० रुपये. महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. यावर करार करून देणाऱ्याची मजुरी येईल. आठ-दहा हजारांचं एकगठ्ठा बिल आलं तर फोड मागा.

पोलीस व्हेरिफिकेशन ऑनलाइन होतं. पोलीस आयुक्तांचा आदेश असताना भाडेकरूची माहिती कळवली नाही, तर गुन्हा मालकावर नोंदला जाऊ शकतो. म्हणून 'झालंय साहेब' यावर न थांबता पोचपावती मागा.

सोसायटीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे मालकांची फसगत आणि सोसायटीची अरेरावी दोन्ही पाहिलं आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेला भाडेकरूची माहिती आणि कराराची प्रत द्यायची असते. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने दिल्यावर सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. २००१ मध्ये सरकारने ही मर्यादा घालून दिली. सेवाशुल्क २,००० असेल तर महिन्याला २०० रुपये, बस. पहिलं बिल आल्यावर व्यवस्थापकाने ते तपासून सांगावं. पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट असोसिएशन आहेत, तिथे घोषणापत्र आणि उपविधी वेगळे, हेही त्याला माहीत हवं. तसंच पुणे महापालिकेची मिळकतकरातली ४० टक्के सवलत मालक स्वतः राहत असेल तरच आहे. घर भाड्याने दिल्यावर ती आपली नाही. 'राहू द्या, कोण बघतंय' हा सल्ला ऐकू नका. थकबाकी मालकाच्याच नावाने निघते.

अनिवासी (एनआरआय) मालकांच्या बाबतीत भाडेकरूने भाड्यातून टीडीएस, म्हणजे आधीच कापून सरकारकडे भरायचा कर, कापायचा असतो. दर ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे सहसा ३१.२ टक्के. ३०,००० भाड्यावर ९,३६०. भाडेकरूला त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागतो, म्हणून काही भाडेकरू हे टाळतात आणि व्यवस्थापक मालक अनिवासी असल्याचं सांगतच नाही. ते भाडेकरूच्या अंगाशी येतं. आधी सांगा. कर प्रत्यक्षात कमी बसत असेल तर आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र मिळवता येतं, सीएला विचारा. भाडं एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातलं उत्पन्न जमा होतं त्या बँक खात्यात) घ्या.

किल्ली देताना आणि नंतर

ताबा देताना पंधरा-वीस मिनिटांचा एकसलग व्हिडिओ करायला लावा. प्रत्येक नळ उघडून, प्रत्येक पंखा-दिवा लावून, कपाटांची दारं उघडून, विजेच्या आणि गॅसच्या मीटरवरचा आकडा वाचून. तो भाडेकरूलाही त्याच दिवशी पाठवा. सोडताना पुन्हा तसाच. डिपॉझिटमधून काय कापायचं याचं निम्मं भांडण इथेच मिटतं. उरलेलं मिटवायला एक नियम ठेवा: रोजच्या वापराने भिंत मळली, सोफ्यामागे रंग घासला, हे भाडेकरूच्या माथी मारायचं नाही. हिशेब ताबा घेताना समोरासमोर आणि पैसे त्याच दिवशी. पुढच्या घराचं डिपॉझिट त्याला भरायचं असतं.

वर्षातल्या फेऱ्यांपैकी दोन ठरलेल्या वेळीच व्हाव्यात, असा आग्रह धराच. एक मृगाच्या आधी: खिडक्यांची चॅनेल, बाल्कनीची जाळी, वरचा मजला असेल तर गच्चीचे पाण्याचे निचरे. दुसरी पहिला मोठा पाऊस झाल्यावर आठवड्याभरात, कारण ओल तेव्हाच दिसते आणि सोसायटीला पत्र द्यायची वेळही तीच. फेरीला जाताना भाडेकरूला आदल्या दिवशी विचारून जायचं. करार असेपर्यंत ते त्याचं घर आहे.

भाडेकरूचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा त्याच्याकडे असू द्या. रोज बोलायची गरज नाही. तीन-चार महिन्यांनी एक मेसेज, 'सगळं नीट आहे ना?' व्यवस्थापकाचं काम कसं चाललंय ते त्याच्या उत्तरातून समजतं.

व्यवस्थापक बदलायचा झाला तर

नोटीस लेखी द्या आणि त्याच दिवशी भाडेकरू, सोसायटीचं ऑफिस आणि गेटवरचे सिक्युरिटी यांना कळवा. गेटच्या अ‍ॅपमधून त्याचं नाव काढायला सांगा. किल्ल्यांचे जोड मोजून परत घ्या आणि लॅचचा सिलिंडर तरीही बदला, काही हजारांत काम होतं. हिशेबाची मूळ बिलं, एसी-गीझर-चिमणीची वॉरंटी कार्डं, ताब्याचे व्हिडिओ मागून घ्या. त्याच्याकडे कुलमुखत्यारपत्र असेल तर रद्द केल्याचा लेख करा, मूळ पत्र नोंदणीकृत असेल तर रद्दपत्रही नोंदवा आणि त्याची प्रत सोसायटीला देऊन पोच घ्या. राहिलेली फी त्याच आठवड्यात देऊन टाका. नवा माणूस लगेच मिळाला नाही तर महिनाभर सोसायटीचा प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांचे नंबर थेट भाडेकरूला द्या, बिल तुम्ही भरा.